चौघांना वेगळं बसवू नकोस

वसई,
आगमनकाळाचा दुसरा आठवडा

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

आळीतल्या लहानपणच्या गमतींच्या पुस्तिकेसाठी तू केलेलं रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकलं. आजोबांच्या ओट्यावर चार म्हातारे मित्र बसलेत, आतून आजी मधेच काहीतरी ओरडून सांगतेय आणि कोणाचंच वाक्य पुरं होत नाही. एकाने सुरुवात केली की दुसरा त्याला तोडतो, तिसरा शेवट आधीच सांगून मोकळा होतो आणि चौथा नुसता हसत सुटतो. तू लिहिलंस, ‘सर, यातून हाती काहीच लागत नाही. प्रत्येकाला वेगळं बसवून शांतपणे विचारू का?’ तो प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसलो. नाताळाला तू पुण्याहून आठवडाभर घरी येशील, बाहेरगावचे सगळे येतील, आणि हे काम त्याच आठवड्यात होण्यासारखं आहे. चौघांना वेगळं बसवू नकोस.

लहानपणची गंमत कधी एकट्याच्या मालकीची नसते. आपल्या वाड्यांच्या सातबाऱ्यावर कशी भावंडांची, चुलत्यांची, आत्यांची सगळ्यांची नावं लागलेली असतात आणि एकाच्या सहीने व्यवहार पुरा होत नाही, तसंच हे आहे. एकाला फोनसमोर बसवलंस की तो आठवण सांगणार नाही, भाषण करेल. ‘आमच्या काळी गरिबी होती, पण माणसं फार प्रेमळ होती.’ हे वाक्य तुला चौघांकडूनही मिळेल, आणि दुसऱ्या कुठल्याही गावातल्या म्हाताऱ्यांकडूनही मिळेल. पण मित्र शेजारी असला की तो लगेच म्हणतो, ‘कसली प्रेमळ? तुझ्याच चुलत्याने आम्हाला कैऱ्यांवरून झोडपलं होतं.’ मग ते आंब्याचं झाड कुठे होतं, कुंपण कशाचं होतं, कोण पळाला, कोण सापडला, हे सगळं बाहेर येतं. तुला हवं ते एकमेकांना तोडण्यातच आहे.

तुझ्याच रेकॉर्डिंगमध्ये उपवासावरून जो वाद झालाय, तो परत ऐक. थोरले काका म्हणतात, कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तप्रसाद, घ्यायचं तर रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही चालत नव्हता. दुसरे म्हणतात, काहीतरीच काय, मी विहिरीवर तांब्याभर पाणी पिऊनच देवळात जायचो. तुझे आजोबा म्हणतात, तीन तासांचा उपवास होता. आई पहाटे चारच्या आत उठवून भाकरी चारायची आणि परत निजवायची, तेव्हा झोपेत चावलेला घास तसाच गालात राहायचा. आणि चौघांतले धाकटे म्हणतात, ‘एक तास तर उपवास! देवळापर्यंत चालत जाण्यातच संपायचा.’ तू मला विचारलंस, यातलं कोणाचं खरं मानायचं?

चौघांचंही. १९५३ पर्यंत मध्यरात्रीपासून पाणीसुद्धा वर्ज्य होतं. त्या वर्षी पोप बारावे पायस यांनी पाण्याने उपवास मोडत नाही असं ठरवलं. १९५७ साली त्यांनीच उपवास तीन तासांवर आणला. नोव्हेंबर १९६४ मध्ये पोप सहावे पॉल यांनी तो एक तासाचा केला. हे चौघे एका आळीतले मित्र, एका वर्गातले नव्हेत; थोरल्यात आणि धाकट्यात चांगलं चौदा-पंधरा वर्षांचं अंतर आहे. प्रत्येकाने आपापल्या पहिल्या कम्युनियनच्या वेळचा नियम धरून ठेवलाय. तू एकच प्रश्न विचारायचास, ‘तुमचं पहिलं कम्युनियन कोणत्या साली झालं?’ रोममध्ये झालेले तीन बदल आपल्या आळीतल्या एका ओट्यावर चार पोटांनी लक्षात ठेवलेत. चौघांना वेगवेगळं विचारलं असतंस तर तुला चार उत्तरं मिळाली असती, आणि त्यातल्या तिघांना विसराळू समजून तू त्यांचं पुसून टाकलं असतंस.

म्हणून वाद सुरू झाला की मधे पडू नकोस, कोणाची बाजू घेऊ नकोस, आणि मोबाइलवर शोधून तिथल्या तिथे निकाल तर मुळीच देऊ नकोस. निकाल लागला की बोलणं थांबतं. तारखा नंतर घरी बसून ताडून पाहा.

याच वादात एक मोलाची गोष्ट तुझ्या हातून निसटली. थोरले काका म्हणाले, ‘दात घासताना पाणी गिळलं गेलं होतं ना माझ्याकडून...’ आणि तेवढ्यात तू चहाचं विचारलंस. पुढची गोष्ट मला ठाऊक आहे, पण ती त्यांच्याच तोंडून यायला हवी. एवढंच सांगतो की तो मुलगा मिस्साच्या, म्हणजे देवळातल्या उपासनेच्या, आधी पापनिवेदनाच्या रांगेत जाऊन उभा राहिला, आणि रांगेत त्याच्या पुढे कोण होतं हे दुसऱ्या काकांना चांगलं ठाऊक आहे. दोघांना शेजारी बसव आणि थोरल्यांना ‘ते दात घासायचं काय झालं होतं?’ एवढंच विचार. चहा आधीच दे, बिस्किटंही आधीच ठेव.

बिस्किटांवरून आठवलं. मिस्सा लॅटिनमध्ये होती तोवर फादर वेदीकडे तोंड आणि लोकांकडे पाठ करून उभे राहायचे, आणि मधूनमधून वळून म्हणायचे, ‘दोमिनुस वोबिस्कुम’, म्हणजे प्रभू तुम्हांबरोबर असो. सकाळपासून पोटात काही नसलेल्या पोरांच्या कानांना त्यात बिस्कूटच ऐकू यायचं. वेदीसेवक मुलांनी ‘एत कुम स्पिरितू तुओ’ हे उत्तर घोकून घोकून पाठ केलेलं, अर्थ कोणालाच ठाऊक नाही, आणि मागच्या रांगेत कुजबुज चालायची की आता वाटणार, आता वाटणार. आजोबांनी हे हसू दाबता दाबता बाकाखाली डोकं घातलं आणि पोरांवर लक्ष ठेवणाऱ्या म्हाताऱ्याने नेमकी त्यांचीच पाठ शोधली. धाकट्या काकांना यातलं काही आठवत नाही. ते देवळात जाऊ लागले तोवर दुसरी व्हॅटिकन परिषद (१९६२ ते १९६५) झालेली होती, मिस्सा मराठीत आली होती आणि फादर लोकांकडे वळले होते. म्हणून लॅटिनचा किस्सा निघाला की ते गप्प बसतात. त्यांना तसं बसू देऊ नकोस. त्यांना विचार की मिस्सा मराठीत होती तर मग तुम्हाला हसू कशाचं यायचं? आणि बाकीच्या तिघांना विचार, ‘मिस्सा चालू असताना फादरांचं तोंड तुम्ही पहिल्यांदा पाहिलंत तेव्हा काय वाटलं?’ हा प्रश्न मी स्वतः अनेक म्हाताऱ्या माणसांना विचारून पाहिलाय. आधी मोठ्याने हसतात, मग काहीतरी असं सांगतात जे त्यांनी आजवर घरात कोणाला सांगितलेलं नसतं.

डिसेंबर १९६४ मध्ये पोप सहावे पॉल मुंबईला आले, आंतरराष्ट्रीय युखरिस्तिक (ख्रिस्तप्रसादाच्या) परिषदेसाठी. भारतात पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. वसईतून माणसं गाड्या भरभरून गेली. या विषयावर आजोबांना बोलतं करताना ‘पोपना पाहून काय वाटलं?’ असं विचारू नकोस, कारण त्याचं उत्तर त्यांनी पाठ करून ठेवलंय. ‘गर्दीत तुमचा बूट कुठे गेला?’ असं विचार. मग ओव्हल मैदानावरची ती गर्दी, एका पायात बूट घालून लोकलने परत येणारा मुलगा, आणि बूट हरवला म्हणून आई रागावेल या भीतीने त्याला पोप दिसलेच नाहीत हे सगळं येईल. बूट नवा होता. पुढच्या वर्षीही चालावा म्हणून एक नंबर मोठा घेतलेला, पुढे कापूस कोंबलेला. मोठा होता म्हणूनच तर निघाला.

मोठ्या प्रसंगाबद्दल विचारायचं असेल तर त्या दिवशी अंगावर काय होतं, पायात काय होतं, डब्यात काय होतं यावरून शिर. हे मी तुला वर्गात निबंध शिकवताना सांगत होतोच.

आता कपड्यांकडे येतो, कारण तुझा सगळा उत्साह तिथेच आहे हे मला दिसतंय. फोटो समोर ठेवल्याशिवाय कपड्यांचा विषय काढू नकोस. नुसतं विचारलंस तर ‘तेव्हा काय, साधंच असायचं’ एवढंच उत्तर येईल. आजीच्या कपाटात काळ्या पुठ्ठ्याच्या पानांचा अल्बम आहे, फोटोंच्या कोपऱ्यांना कागदी त्रिकोण लावलेला. त्यात नाताळच्या सकाळी देवळाबाहेर काढलेला एक फोटो आहे. भावंडं रांगेत उभी आहेत, आणि मुलग्यांचे शर्ट, मुलींचे फ्रॉक, सगळं एकाच फुलाफुलांच्या कापडाचं. आजीच्या वडिलांनी बाजारातून एक तागा आणायचा, शिंप्याला ओट्यावर बसवायचं आणि सगळ्यांचं एकदम शिवून घ्यायचं, ही तेव्हाची घरोघरची पद्धत. उरलेल्या कापडाचे उशीचे अभ्रे आणि खिडकीचा पडदा. आजी सांगते की दुसऱ्या गावच्या देवळाच्या सणाला तिचा धाकटा भाऊ गर्दीत हरवला. त्याला स्वतःचं नाव सांगता येईना. एका बाईने त्याला कडेवर घेतलं आणि त्याच्या शर्टाचं कापड बघत बघत गर्दीत फिरली, ते आजीच्या फ्रॉकपाशी येऊन थांबली. हे आजीने सांगावं आणि त्या भावाने, म्हणजे तुझ्या कुवेतवाल्या मामाआजोबांनी, त्याच बैठकीत नाकारावं, असा योग जुळव. ते म्हणतात, ‘मी हरवलोच नव्हतो, तीच हरवली होती.’

त्याच फोटोत आजीच्या फ्रॉकच्या तळाकडे भिंग लावून बघ. दोन आडव्या रेघा दिसतील. शिंपी आतल्या बाजूला वीतभर कापड दुमडून ठेवायचा. मुलगी वाढली की आई दुमड उसवून फ्रॉक लांब करायची. आत राहिलेल्या कापडाला ऊन लागलेलं नसे, धुणं लागलेलं नसे, म्हणून ते गडद दिसायचं आणि जुन्या दुमडीची रेघ काही केल्या जायची नाही. शाळेतल्या मुली एकमेकींच्या रेघा मोजून फ्रॉक किती नाताळांचा आहे ते सांगायच्या. दोन रेघा म्हणजे तिसरा नाताळ. आजी हे हसत सांगेल. पण रेघांवर बोट ठेवून ‘या कसल्या?’ असं कोणी विचारलं तरच.

नायलॉनचं वेड, फुग्यांच्या बाह्या, सफारी सूट हे सगळं आपोआप येईल, त्यासाठी वेगळे प्रश्न नकोत. बेलबॉटमला मात्र वेळ दे. सत्तरच्या दशकात हे सगळे कमावते झाले होते किंवा होऊ घातले होते, पहिल्या पगाराची पँट शिवली ती बेलबॉटमच. चढाओढ मोहरीच्या, म्हणजे पायाशी असलेल्या घेराच्या, रुंदीवर होती. एकाची बावीस इंच तर दुसऱ्याची चोवीस, आणि सव्वीस इंच ऐकल्यावर शिंपी म्हणाला, दोन पायांचे दोन परकरच शिवून देतो. पावसाळ्यात चिखलाच्या रस्त्याने चालताना ती मोहरी गुडघ्यापर्यंत भिजून जड व्हायची, सायकलवर साखळीत अडकायची, म्हणून पायाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावून सायकल मारायची. रविवारी ख्रिस्तप्रसाद घ्यायला तरुण मंडळी रांगेने निघाली की मागून फरशीवर सरसर आवाज यायचा. एका रविवारी फादर प्रवचन थांबवून म्हणाले की देवळाची फरशी झाडायला आपण माणूस ठेवलेला आहे, तरुणांनी त्रास घेऊ नये. सगळं देऊळ हसलं. फादर स्वतः हसले. हे वाक्य चौघेही चार तऱ्हेने सांगतात आणि प्रत्येक जण म्हणतो की फादर माझ्याकडे बघत होते. चारही तऱ्हा लिहून घे, आणि छापताना चारही छाप.

त्या पँटांचं पुढे काय झालं, हे विचारायला विसरू नकोस. ऐंशीनंतर मोहऱ्या अरुंद झाल्या आणि बेलबॉटम पेटीत गेल्या. टेरिकॉट काही फाटेना, आणि घालून बाहेर पडायची तर सोय राहिली नाही. मग ३१ डिसेंबरला पोरं सरत्या वर्षाचा म्हातारा करायची तेव्हा त्याच्या पायांना त्या पँटा मिळू लागल्या. पेंढा भरायला भरपूर जागा! म्हातारा खुर्चीत बसवून पोरं रस्त्यावर पैसे मागायची आणि बाराच्या ठोक्याला त्याला जाळायची. आजोबांची लग्नातली पँट अशीच गेली, तीही त्यांना न विचारता. ज्वाळेत बक्कल चकाकलं तेव्हा त्यांनी ओळखली. ती पेटीतून कोणी काढून दिली हे आजी आजही सांगत नाही. या वर्षी विचारून बघ, सगळे समोर असताना.

कपड्यांच्या बाबतीत एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. तुझ्या यादीत बेलबॉटम, मोठ्या कॉलरी, कॅनकॅनचे फ्रॉक आणि त्यांच्याच खाली ‘पणजीचं लाल लुगडं’ असं लिहिलंयस. ते तिथून काढ. बेलबॉटम आली आणि गेली, ती आपण हौसेने घातली आणि हौसेने टाकली. लुगडं कोणाची हौस म्हणून आलं नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या बायका ते नेसून वाडीत राबल्या, डोक्यावर भाजीची टोपली घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबईला गेल्या. ते सुटलं तेव्हा काहींना सुटका वाटली आणि काहींना रडू आलं. एकाच घरात आईला रडू आणि मुलीला सुटका, असंही झालं. त्यावर हसायचं की नाही हे ज्यांनी ते नेसलं त्यांनी ठरवायचं. आजीच्या मोठ्या बहिणीकडे जा, ती अजून नीट बोलते, आणि तिच्यासमोर कागद-पेन काढण्याआधी तिच्याबरोबर जेव.

सुट्टीच्या गोष्टींना खरं तर जागेवर जाऊनच विचारायला हवं. मे महिन्यात पोरं दिवसभर बावखलात, म्हणजे आपल्याकडच्या गोड्या पाण्याच्या तळ्यात, असायची. पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधायचा, थोरल्याने ढकलायचं, झालं पोहणं शिकून. डब्याला भोक निघालं की आरडाओरडा. दुसऱ्या काकांना बाहेर काढलं तेव्हा त्यांनी आधी डब्याचं विचारलं, कारण तो घरातला रॉकेलचा डबा होता. हे सांगताना चौघेही हाताने दिशा दाखवतात, ‘तिथे, चिंचेच्या मागे’. त्या दिशेला आज इमारत आहे. आपल्या गावांतली कितीतरी बावखलं भराव टाकून बुजवली गेली. २०१८ च्या जुलैत वसईत दिवसेंदिवस पाणी तुंबलं तेव्हा जुनी माणसं हेच म्हणत होती की पाण्याने जायचं कुठे, त्याच्या जागा आपण घेतल्या. तू चौघांना घेऊन एकदा आळीतून चाल. सावकाश, संध्याकाळी, धाकट्या काकांच्या गुडघ्यांच्या चालीने. कोण कुठे पडला, कुठे बुडता बुडता वाचला, कुठे कोणाचा सदरा वाहून गेला हे विचारत जा आणि एका साध्या कागदावर खुणा करत जा. घरी येशील तेव्हा हातात बुजलेल्या बावखलांचा नकाशा असेल. सरकारी कागदातही सापडेल तो कदाचित, पण कोण कुठे बुडत होतं हे त्यात नसेल.

नाताळच्या गोठ्याची गोष्ट तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये अर्धी आहे, ती पुरी करून घे. गोठ्यासमोर हिरवं शेत दिसावं म्हणून आधीपासून करवंट्यांत नाचणी पेरायची, रोज पाणी शिंपडायचं, उन्हात-सावलीत फिरवायचं. नाताळच्या आदल्या संध्याकाळी सगळं मांडून झालं, पोरं मध्यरात्रीच्या मिस्साला गेली, आणि परत येऊन बघतात तर शेळीने शेत तर साफ केलंच, वर बाळ येशूखालचा पेंढाही खाल्लेला. बाळ येशू बाजूला नीट पडलेला. शेळी कोणाची यावरून अजून दोन घरांत एकमत नाही. दोन्ही घरची माणसं एकत्र बसवलीस तर मला अवश्य बोलाव.

आता जे सांगतोय ते जपून वाच. हसू कोणावर आहे हे प्रत्येक गोष्टीपाशी थांबून बघ. रेकॉर्डिंगमध्ये एका ठिकाणी बोबड्या बोलणाऱ्या मुलाची नक्कल येते. तिघे हसतात आणि एक जण हसत नाही. तू ते ऐकलंस का? साठ वर्षं झाली तरी काही हसणं बोचतं, आणि मैत्रीखातर माणूस ते गिळून बसतो. पुस्तिकेत ती गोष्ट घ्यायची की नाही हे त्या एकालाच विचार, तेही एकट्याला गाठून, बाकीच्यांसमोर नव्हे. एकट्याला गाठायची वेळ हीच. त्यांनी ‘असू दे, छाप’ म्हटलं तरी दोन दिवसांनी पुन्हा विचार. टोपणनावांचंही तेच. आळीत ज्या नावाने हाक मारली जाते ते छापील अक्षरांत, सुना-नातवंडांसमोर, वेगळं दिसतं. आणि कोणाच्या हातून खाल्लेला मार, कोणाचं दारूडं घर, कोणाच्या घरी चूल पेटली नव्हती तो नाताळ, हे हसता हसता निघतं आणि सगळे क्षणभर गप्प होतात. तेव्हा फोनकडे बघू नकोस. पुढचा प्रश्न टाकून ती शांतता बुजवूही नकोस. त्यांची त्यांना पुढे जाऊ दे. रेकॉर्डिंगमधलं काहीही, अगदी पाच सेकंदांचं हसूसुद्धा, न विचारता घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं नाही. हे मात्र मी तुला सर म्हणून बजावून सांगतोय.

बोलणं उतरवून काढताना ते ज्या बोलीत बोलतात त्या बोलीतच उतरव. पुस्तकी मराठीत बसवलंस तर हसू सांडून जाईल. नातवंडांना कळणार नाही अशी भीती वाटत असेल तर शेजारी साध्या मराठीत दे, पण मूळ पुसू नकोस.

परदेशी गेलेल्यांनाही बैठकीत घे. आजोबांचा टोरोंटोचा भाऊ यंदा येत नाहीये म्हणालीस. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात म्हणजे त्याच्याकडे सकाळचे नऊ, तेव्हा व्हिडिओ कॉल लाव आणि फोन ओट्याच्या कट्ट्यावर उभा करून ठेव. त्याच्या डोक्यात गाव तो गेला त्या सालचं आहे. इथल्या चौघांच्या आठवणींवर नंतरची घरं, नंतरचे रस्ते चढलेत, त्याच्या नाही. कुठल्या वळणावर कोणाचा पाणवठा होता हे तो पटकन सांगेल आणि इथे चौघे ‘अरे हो, हो’ करत उठून उभे राहतील. कॉल लावशील तेव्हा बाकीच्यांच्या पाठी पंख्याकडे कर. या खेपेला अर्धं बोलणं पंख्याच्या आवाजात गेलंय.

थोरल्या काकांना सगळ्यांत आधी गाठ. २६ डिसेंबरला दुपारी ते मोकळे असतात. त्यांना डाव्या कानाने बरं ऐकू येतं, तेव्हा आजोबांना त्यांच्या डावीकडे बसव आणि तू समोर बस. सुकेळ्यांचा, म्हणजे सुकवलेल्या केळ्यांचा, एक पुडा घेऊन जा, त्यांना आवडतात, आणि आता कोणत्याही उपवासाची त्यांना अडचण नाही. अल्बम पिशवीत ठेव, गेल्या गेल्या काढू नकोस. दात घासायची गोष्ट होऊन गेल्यावर काढ. शेळीवाल्या बैठकीचा दिवस ठरला की मला कळव.

तुझे,
सर